गाळलेलं एकविसावं वचन

हिंगोलीच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी उपासनेनंतर आम्ही इंग्रजी बायबल वाचतो. ओळीनं बसायचं आणि प्रत्येकानं एकेक वचन वाचायचं, असा नियम. त्या दिवशी पाळकांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, नवी, सुधारलेली आवृत्ती वाटली. माझ्या वाट्याला त्या अध्यायातलं एकविसावं वचन आलं, तर पानावर विसानंतर थेट बावीस! शेजारणीनं बावीस वाचायला सुरुवातही केली.

"थांब," मी म्हणाले. "माझं वचन कुठं गेलं?"

पाळक म्हणाले, "मावशी, सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ते न्हाई. म्हणून विद्वानांनी ते खाली तळटीपेत टाकलंय."

ते वचन प्रार्थनेचं आणि उपासाचं होतं. त्याच्याच आधारावर माझी आई जन्मभर दर शुक्रवारी उपास-प्रार्थनेला बसली, आणि तिच्यामागं मी.

"विद्वानांचं बराबर असंल," मी म्हणाले, "पण माझा नंबर मी सोडणार न्हाई." चष्मा पुसला आणि तळाची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली.

त्या शुक्रवारी चहाचा घोटही न घेता मी चर्चमध्ये पोचले. पाळक आधीच गुडघे टेकून बसले होते. शेजारी बसल्यावर त्यांच्या उपाशी पोटाची गुरगुर मला ऐकू आली.