साठ माणसांचं केळवण

हीथ्रोच्या काचेच्या दारातून बाहेर पडले आणि केतकीने मला मिठी मारून पहिलंच विचारलं, "मावशी, तू आईच्या साइडने आलीयेस की माझ्या?"

विमानाची घरघर अजून कानात होती. मी म्हटलं, "आत्ता तरी मी चहाच्या बाजूने आहे."

केतकी माझ्या धाकट्या बहिणीची, सुधाची मुलगी. लीड्सला जन्मली, तिथेच वाढली, आता ब्रॅकनेलच्या एका संगणक कंपनीत आहे. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा अमेरिकन आहे, हुशार आहे, एवढं सुधाने फोनवर सांगितलं होतं आणि "बाकीचं तू आल्यावर बोलू" म्हणाली होती. बाकीचं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मोठी बहीण म्हणून केळवणाला बोलावणं आलं यातच मी खूश होते.

२००८ सालचा नोव्हेंबर होता. थोड्याच दिवसांपूर्वी अमेरिकेने पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष निवडला होता. नाशिकच्या शाळेत मी बत्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. त्यामुळे विमानात शेजारच्या गृहस्थांना समतेचा अख्खा धडा ऐकवल्याशिवाय मला राहवलं नाही. ते बिचारे झोपेचं सोंग घेऊन पडले होते, हे मला उतरताना कळलं.

ब्रॅकनेल हे गाव राउंडअबाउटांचं (वर्तुळाकार चौकांचं) आहे. एका चौकाला वळसा घालावा तर पुढचा हजर. मधूनमधून कंपन्यांच्या काचेच्या इमारती, बाकी सारखी दिसणारी विटांची घरं. दुपारी चारलाच दिवेलागण होते. केतकीचं घर छोटं आणि नीटनेटकं, पण आत बर्फासारखा गारठा. बॉयलर (घर आणि पाणी तापवणारा गॅसचा बंब) बंद पडला होता. दुरुस्तीवाला दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बारा ते पाचच्या दरम्यान कधीतरी येणार होता. नेथन, म्हणजे होणारा नवरा, त्याच दिवशी जेवायला येणार होता.

शनिवारी केतकी कोशिंबिरीसाठी दही आणायला गेली. मी तबक तयार केलं. निरांजन, कुंकू, अक्षता आणि नाशिकहून नेलेले बेसनाचे लाडू. जावई पहिल्यांदा आपल्यासमोर येणार तर औक्षण नको का?

बेल वाजली. दारात एक उंच काळा तरुण, पावसाने भिजलेला, खांद्याला बॅग. "केतकी आहे?" त्याने विचारलं.

"दुकानात गेलीय," मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं. "बॉयलर स्वयंपाकघरात आहे. बूट काढून जा."

तो जरासा थांबला, बूट काढले आणि आत गेला. दहा मिनिटांनी पुन्हा बेल. या वेळी तांबूस केसांचा गोरा तरुण, त्याच्याही हातात बॅग. मी म्हटलं, "ये बाळा, ये!" त्याला पायपुसण्यावर उभं केलं, कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं आणि हातात लाडू दिला. तो मान खाली घालून मुकाट उभा राहिला. लाडू खाऊन झाल्यावर म्हणाला, "थँक्यू, लव्ह." (तिकडे अनोळखी बाईलाही असंच म्हणतात.) मग विचारलं, "बॉयलर कुठंय?"

तेवढ्यात केतकी दही घेऊन दारात आली. कुंकू लावलेला दुरुस्तीवाला तिने पाहिला. स्वयंपाकघरात नेथन बॉयलरसमोर चष्मा लावून सूचनांचं पुस्तक वाचत बसलेला पाहिला. तिला सगळं समजलं. मला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"सांगितलं का नाहीस रे तू?" मी विचारलं.

नेथन हसत सुटला. "तुम्ही इतक्या खात्रीने सांगितलंत, की मला वाटलं आपण खरंच बॉयलरवाले असू." मी माफी मागितली. तो म्हणाला, लाडू उरला असेल तर माफ. केतकी मात्र हसली नाही. तिने माझ्या हातातलं तबक काढून घेतलं आणि फडताळावर ठेवून दिलं. आपल्याला कोणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं असं मला वाटलं.

जेवताना मी त्याला विचारलंच. खोड जात नाही. "तुमच्या देशात आता आली ना समता?"

नेथनने घास संपवला. "माझी आजी जॉर्जियात असते. मत द्यायला चार तास रांगेत उभी राहिली. निकाल ऐकून रडली. दुसऱ्या दिवशी दुकानात गेली, तर पहारेकरी नेहमीसारखा तिच्या मागे मागे. मला फोन करून म्हणाली, अध्यक्ष बदलला रे, पहारेकरी तोच आहे."

"आणि इथे?"

"इथे लोक सौम्यपणे विचारतात, तू मूळचा कुठला? अमेरिका म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो." हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. आमटी मागितली.

तो गेल्यावर केतकीने मन मोकळं केलं. "मावशी, दादाच्या लग्नाआधी आईने मंडळाचा हॉल घेतला होता. साठ लोक. एमाला सगळ्यांशी इंट्रोड्यूस केला. माझ्या वेळी म्हणते, घरीच करू, आपली आपण पाच माणसं, ट्यूजडेला. ट्यूजडेला, मावशी! मला सेम पाहिजे. नाहीतर आम्ही रजिस्ट्री ऑफिसमध्ये साइन करून मोकळे. मग मी लीड्सला नाही येणार परत. माझा प्रॉमिस आहे."

एमा म्हणजे तिच्या भावाची इंग्रज बायको, आणि मंडळ म्हणजे लीड्सचं महाराष्ट्र मंडळ. केतकीचे डोळे भरले होते. लहानपणी ती असं बोलली की मी हसायचे. आता हसू आलं नाही.

सोमवारी मी लंडनमार्गे लीड्सची गाडी धरली. डब्यात इतकी शांतता, की पिशवीतल्या चिवड्याचा आवाज होतो म्हणून मी उपाशीच बसले. बाहेर सपाट नांगरलेली शेतं, ओल्या मेंढ्या, मधेच वीज केंद्राची अजस्र धुराडी. स्टेशनवर श्रीधरराव, सुधाचे यजमान, घ्यायला आले होते. छत्तीस वर्षं तिथल्या इस्पितळांत डॉक्टरकी करून नुकतेच निवृत्त झालेत. घरी पोचताच त्यांनी निवडणुकीच्या दुसऱ्या दिवसाचं वर्तमानपत्र दाखवलं, प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेलं.

"संपला हो वर्णभेद!" ते म्हणाले. मग स्वतःचं सांगू लागले. आले तेव्हा खोली भाड्याने मागायला गेलं की लोक दार किलकिलं करून बघायचे आणि "आत्ताच गेली" म्हणायचे. गोऱ्या डॉक्टरांना नको असलेला म्हाताऱ्यांचा वॉर्ड यांच्या गळ्यात पडला. साहेबाने श्रीधरचं सिड करून टाकलं. सांगताना त्यांचा आवाज आजही कापत होता. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. पण ज्याचं जळलं त्याला दुसऱ्याचंही दिसेलच असं नाही, हे मला त्या घरात कळलं.

कारण स्वयंपाकघरात सुधा मला म्हणत होती, "ताई, तू तिला समजाव. मोठा घोळ नको. मला स्वतःला काही नाही गं, पण लोक बोलतात."

"एमाच्या वेळी नाही बोलले?"

"बोलले ना. पण एमा..." सुधाचा डाव आमटीत थांबला. "एमा गोरी आहे."

बोलून गेली आणि स्वतःच ऐकून चमकली. मी उपदेश केला नाही. कुठल्या तोंडाने करणार होते? मी तिला बॉयलरची गोष्ट सांगितली, काही न लपवता. कुंकवापाशी ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग विचारलं, "हे केतकीने पाहिलं?"

"पाहिलं. माझ्या हातातलं तबक काढून घेतलं तिने."

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर सुधाने मंडळाच्या हॉलसाठी फोन लावला.

रविवारी केळवण झालं. अळू मिळेना म्हणून पालकाचं फदफदं, मसालेभात, श्रीखंड. माणसंही साठाच्या आसपास आली. नेथनने कुर्ता घातला होता. सुधा त्याला घेऊन फिरत होती आणि प्रत्येकाला सांगत होती, "हा नेथन, केतकीच्या ऑफिसातला." पहिल्यांदा मला वाटलं, गडबडीत तोंडातून निघून गेलं असेल. तिसऱ्यांदाही तेच ऐकल्यावर मी केतकीकडे बघितलं. तिने खुर्चीवरचा कोट उचलून हातात घेतला होता. हॉल, साठ माणसं, श्रीखंड, सगळं दिलं होतं. एक शब्द तेवढा हातचा राखला होता, आणि तो घेतल्याशिवाय मुलगी थांबणार नव्हती. मी जागची उठले, पण मी म्हटल्याने काय होणार होतं? तो शब्द सुधाचाच हवा होता.

तेवढ्यात मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ काकू सुधापाशी आल्या. तिचा हात दोन्ही हातांत धरला, आवाज खाली आणला. "सुधा, धीर धर हो. हल्ली पुष्कळांच्या घरी होतं असं. खचू नकोस."

सुधाने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मग हात सोडवून घेतला.

"काकू, आमच्याकडे कोणी गेलंय का?"

आसपासच्या चारपाच माणसांनी माना वळवल्या. सुधाचा चेहरा लाल झाला होता. लहानपणापासून रागावली की तिचा चेहरा असाच होतो. "केळवण आहे, काकू. हा माझा जावई. नेथन, कम हिअर. काकूंना नमस्कार कर." मग हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचेल असं ओरडली, "अहो, जावयाचं पान कोपऱ्यात कोणी मांडलंय? मधे घ्या!"

श्रीधरराव स्वतः उठून पान मधे मांडू लागले. केतकीने कोट खुर्चीवर ठेवला आणि पदर खोचून वाढायला आली. तिने मला दोनदा श्रीखंड वाढलं, मी नको नको म्हणत असताना.

नाशिकला परतल्यापासून शाळेतले जुने सहकारी विचारतात, तुमच्या भाचीचा होणारा नवरा तिकडचाच, मग अमेरिकेत खरंच समता आली का हो? मी त्यांना नेथनच्या आजीचं सांगते आणि लोक माना डोलावतात. दूरच्या देशाबद्दल मान डोलावणं सोपं असतं, मीही विमानभर तेच केलं होतं. निघताना सुधाने जे विचारलं ते मात्र मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

लीड्सच्या बस स्टँडवर हीथ्रोची बस उभी होती. माझी बॅग बसच्या पोटात गेली होती. सुधाने माझी शाल सारखी केली आणि म्हणाली, "ताई, काकू तसं बोलल्या नसत्या, तर मी म्हटलं असतं का गं जावई?"

माझी धाकटी बहीण. 'हो' म्हणावंसं मला फार वाटलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"मलाही," सुधा म्हणाली, आणि बस सुटायची वेळ होईपर्यंत आम्ही दोघी हात धरून उभ्या राहिलो.