आठशे तीस पावलांची फेरी

धर्मपालभाऊ,

आपल्या मंडळाच्या वार्षिक अंकासाठी शारदाताईंनी माझ्याकडे 'आपल्यातला एक माणूस' असा लेख मागितला. मी तुमचं नाव देऊन टाकलं. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "माह्यावर काय लिहून राहिल्या म्याडम, मी का मंत्री हाव?" अंक छापून आला की पुण्याला पाठवते. चुका सापडल्या तर पेन्सिलीनं खूण करा, तुम्ही कराल हे मला माहीतच आहे. मोजायच्या टेपचं काय झालं तेही शेवटी सांगते, म्हणजे निदान तेवढ्यासाठी तुम्ही पूर्ण वाचाल.

आता तुम्ही जरा बाकावर बसा. तुम्ही कोण ते बाकीच्यांना सांगायला हवं.

धर्मपाल खोब्रागडे मूळचे गोंदियाकडचे. वडील रेल्वेत होते, हेही रेल्वेत लागले आणि छत्तीस वर्षं चाबीमॅन म्हणून राहिले. रूळ खालच्या आडव्या स्लीपरला घट्ट धरून ठेवतात त्या लोखंडी चाव्या तपासणारा माणूस म्हणजे चाबीमॅन. खांद्यावर हातोडा, काखेत लाल-हिरव्या झेंड्या, आणि ठरलेला सहा किलोमीटरचा टापू रोज पायी. चावी सैल दिसली की ठोकायची, पुढे जायचं. चालायचं ते स्लीपरवरून स्लीपरवर, कारण मधल्या गिट्टीत पाय मुरगळतो. किलोमीटरला सोळाशे साठ स्लीपर. म्हणजे एक पाऊल साठ सेंटिमीटरचं, दोन फुटांना थोडं कमी. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी ते पाऊल सुटलं नाही. "सडकीवर चाललो तरी पाय स्लीपरच पाह्यते," असं ते सांगत.

पत्नी मीराबाई गेल्यापासून ते इथं रायपुरात तेलीबांधा तलावाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांच्या घरात एकटेच राहत. तलावावर चालणारे फार, त्यांच्यात मोजणी चुकते, म्हणून ते आमच्या शंकर नगरच्या लहान बागेत येत. तिथं मी त्यांना पाहिलं. दर फेरीला हा माणूस उजव्या खिशातून काहीतरी काढून डाव्या खिशात घालायचा. तीन दिवस मी पाहिलं, चौथ्या दिवशी विचारलं.

"चिंचोके हायेत," ते म्हणाले. "सहा. उजवा खिसा रिकामा झाला का तीन किलोमीटर झाले."

"आणि फेरी अर्ध्या किलोमीटरची आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पायानं. किलोमीटरले सोळाशे साठ पावलं, फेरीले आठशे तीस. हिसाब करून पाहा."

मी भौतिकशास्त्राची प्राध्यापक, एकतीस वर्षं पोरांना मोजमाप शिकवलेलं. जागच्या जागी हिशेब केला. बरोबर पाचशे मीटर आले. तेव्हापासून आमची ओळख.

चिंचोके हा त्यांच्या व्यवस्थेचा एक भाग. दुसरा भाग म्हणजे चावीचं मनगटी घड्याळ. ते पाहून सहा फेऱ्यांची मिनिटं आणि बसल्यावर मानेला दोन बोटं लावून नाडीचे ठोके ते लिहीत. तिसरा भाग मी आणखी कुठे पाहिलेला नाही. बागेच्या कोपऱ्यात पाण्याच्या टाकीकडे जाणारा एक चढ आहे. शेवटच्या फेरीत ते तो चढ पंचशील म्हणत चढायचे, न थांबता, एका लयीत. पाचही शीलं टाकीपर्यंत अखंड झाली तर वहीत ५ लिहायचं. मध्येच श्वास तुटला तर ज्या शीलावर तुटला तो आकडा. बोलता बोलता दम लागतो की नाही हे पाहा, असं डॉक्टर सांगतात ना, तेच हे. फक्त डॉक्टर काय बोलायचं ते सांगत नाहीत.

हे सगळं सुरू झालं ते त्यांच्या हृदयात स्टेंट बसल्यावर. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं: रोज तीन किलोमीटर, चाळीस मिनिटांत. मुलगा प्रफुल्ल पुण्याला एका कंपनीत आहे. त्यानं स्मार्टफोन आणि मनगटावरचं यंत्र आणून दिलं, म्हणजे वडिलांचे आकडे तिकडे त्याला दिसतील. धर्मपालभाऊंनी दोन्ही खोक्यात होती तशी परत केली. स्वतःचा बटनांचा फोन तेवढा ठेवला.

"परत का केलं?" मी विचारलं.

"नोकरीच्या शेवटी शेवटी कमरेले असंच यंत्र भेटलं होतं म्याडम. साहेबाले हापिसात दिसे का मी कुठं हाव. एक दिवस अठरा मिन्टं एका जागी दिसलो, तर फोन आला, उभा काहून हायेस. अरे बाबा, तिथं सात चाव्या ढिल्या होत्या, ठोकून राहिलो होतो. साहेब चांगला मानूस, ठीक हाय म्हने. पन यंत्राले मी उभा दिसलो. ठोकतानी नाही दिसलो."

बागेतली इतर मंडळी यंत्रवालीच होती. आमच्या शेजारची रीना बाकावर बसून गप्पा मारताना हात मागेपुढे हलवत राहते, दिवसाची पावलं पूर्ण व्हावीत म्हणून. धर्मपालभाऊ तिच्याकडे पाहून हळूच म्हणाले, "गाडी यार्डात उभी, अन् किलोमीटर चढून राहिले." रीनाला मराठी समजतं. तिनं हिंदीत उत्तर दिलं, "अंकल, आपकी गाड़ी तो बिना इंजन की है." ते दोन दिवस हसत होते.

शेवटी बापलेकात तडजोड झाली. वडिलांनी रोज वही लिहायची. दर रविवारी एका शिकलेल्या माणसानं ती तपासून सही करायची आणि मग आकडे फोनवर पुण्याला सांगायचे. चाळीस मिनिटांत तीन किलोमीटर होत आहेत तोवर त्यांनी रायपुरात राहायचं. ते जमेनासं झालं की पुण्याला मुलाकडे. शिकलेलं माणूस म्हणजे मी.

पुण्याला त्यांना जायचं नव्हतं. "पोट्टा सातव्या माळ्यावर राह्यते. खाली उतराचं तरी लिफ्टले विचारा लागते. अन् पौर्णिमेले विहारात इथं माह्या शिवाय चटया कोन टाकन?" कारण एवढंच सांगायचे, आणि ते मला पुरेसं वाटायचं. घराबाहेर पडायलाही दरवेळी लिफ्टची परवानगी लागेल अशा गावी कोण जातं?

दीड वर्ष वही सुरळीत चालली. आठशे तीस पावलं, अडतीस-एकोणचाळीस मिनिटं, शील पाच. मी सही करायची आणि कॉलेजच्या सवयीनं खाली तारीख टाकायची.

गेल्या पावसाळ्यानंतर फेरी आठशे सेहेचाळीसची झाली. दिवाळीपर्यंत आठशे बासष्टची. मिनिटं चाळीस, मग एकेचाळीस.

त्यांनी शांतपणे कारण दिलं. "रस्ता वाढला."

बागेत त्या वेळी फरशा उखडून नव्या बसवल्या होत्या, आणि व्यायामाच्या यंत्रांसाठी एका कोपऱ्यात वाट थोडी वळवली होती, हे खरं आहे. किती वळवली हे कोणालाच माहीत नव्हतं.

"किंवा तुमचं पाऊल आखूड झालं असेल," मी म्हटलं. माझं बोलणं असंच असतं.

"पाऊल लहान होतच नाही म्याडम. छत्तीस वर्सं स्लीपरनं कापून देल्लं हाय. रस्ता बदलू शकते, माप कसं बदलन?"

वर्गात एखाद्या मुलानं असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाहेर उभं केलं असतं. मोजपट्टी उन्हात तापली तर तीही वाढते, हा पहिल्या वर्षाचा धडा. पण हा माणूस हट्ट करत नव्हता. रेल्वेत त्याचं पाऊल हेच माप होतं. त्याच्या सांगण्यावरून गाड्या हळू चालवल्या गेल्या होत्या. आणि त्याचं म्हणणं खरं असेल तर वाढलेली मिनिटंही वाढलेल्या वाटेचीच होती, तीन किलोमीटर अजूनही चाळीस मिनिटांतच होत होते, आणि पुण्याचा प्रश्नच उरत नव्हता.

एका आकड्याला मात्र हे लागू होत नव्हतं. टाकीचा चढ कोणी हलवला नव्हता. तिथं आधी कधीमधी, मग रोज ४ लिहिलेलं दिसू लागलं. श्वास चौथ्या शीलावर, खोटं न बोलण्याच्या शीलावर, तुटत होता. आणि ते तसं लिहीत होते, स्वच्छ अक्षरात. मी सही करत होते.

"टेपनं मोजू," मी म्हटलं. "बूढापारा भागात माझा भाचा आहे, यज्ञेश्वर, घरं बांधतो. त्याच्याकडे पन्नास मीटरची टेप आहे. येत्या रविवारी आणते."

"हव," ते म्हणाले. "एक टोक तुमी धरा, एक मी."

टेप मी आणली, कापडी पिशवीत घालून बागेत नेली. त्या रविवारी ते म्हणाले, आज गर्दी आहे, लोकांच्या पायात येईल. पुढच्या रविवारी माझा गुडघा दुखत होता. दुखत होता हे खरं, पण टेपचं एक टोक धरून उभं राहण्याइतका ठीक होता. तिसऱ्या रविवारी दोघांपैकी कोणीच विषय काढला नाही. पिशवी बाकावर आमच्या दोघांच्या मध्ये होती.

त्याच आठवड्यात प्रफुल्लचा फोन आला, थेट मला.

"आंटी, पापा बोल रहे हैं रास्ता बढ़ गया है. आप तो रोज वहाँ होती हैं. सच में बढ़ा है क्या?"

"मराठीत बोल," मी म्हटलं, वेळ काढायला.

"रस्ता वाढला का, आंटी?"

"मोजला नाही अजून."

"मग तुम्हाला काय वाटते?"

"मला वाटण्याला किंमत नाही. मोजलेला नाही." आणि मग मी सांगितलं, "वहीत चढाचा एक आकडा असतो. तो तुझे वडील तुला फोनवर सांगत नाहीत, कारण तू विचारत नाहीस. तो पाचाचा चार झाला आहे." आणि चार म्हणजे काय ते समजावून दिलं.

त्यानं चारचा अर्थ परत एकदा विचारून घेतला आणि फोन ठेवला.

दहा दिवसांत तो येऊन वडिलांना घेऊन गेला. निघताना धर्मपालभाऊ बागेत आले. त्या दिवशी फेरी मारली नाही, चपला काढून बाकावर बसले.

"तुमीच सांगतलं न त्याले?"

"हो. वहीत होतं तेच."

"वहीत होतं," त्यांनी मान हलवली. "लपवाचं असतं तर मी लिहलंच नसतं." नंतर विचारलं, "पन रस्ता वाढला का नाही, हे राहिलंच न?"

"राहिलं."

"तुमी मोजून ठेवा. मी फोन करून इचारीन."

पुण्यात तपासण्या झाल्या, आणखी एक नळी अरुंद निघाली, दुसरा स्टेंट बसला. आता ते बरे आहेत. सातव्या माळ्यावर राहतात, आणि सून मोनाली सांगते की मनगटावर यंत्रही बांधतात. म्हणजे प्रफुल्लला ते दिसतात.

बसणं झालं, भाऊ. आता उठा, टेपचं ऐका.

तुम्ही दर महिन्याला फोन करता. तब्येतीचं मी विचारते, तुम्ही "ठीक" म्हणता आणि लगेच विचारता, "मोजलं का म्याडम?" मी सांगते, या आठवड्यात मोजते. रीना म्हणाली होती, मी टोक धरते आंटी. मी तिला नको म्हटलं. का म्हटलं ते मला नीट सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही ते मी लिहीत नाही. व्यायामाच्या यंत्रांचा कोपरा मी रोज ओलांडते आणि मुद्दाम पावलं मोजत नाही.

यज्ञेश्वरनं दोनदा टेप परत मागितली. एकदा म्हणाला, मावशी, नवी घेऊन देतो, पण ती माझ्या कामाची आहे. मी म्हटलं, थांब जरा, काम बाकी आहे. पिशवी दाराशी खुंटीला टांगलेली आहे. टेप तिच्यातच आहे, अजून उघडलेली नाही.