गजावरची खूण

सुधाकाकूंचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरात हार्बरफ्रंटच्या ऑफिसात एका मीटिंगमधून बाहेर पडत होतो. "समीर, हे गेले रे. चहा घेतला, पेपर उघडला आणि... मान खाली घातली ती घातलीच." श्रीधर परब, शिपयार्डातले निवृत्त फोरमन, वय चौऱ्याहत्तर, हृदयविकाराचा झटका, बातमी एवढीच. याला आता पाच आठवडे झाले. काकांबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत, शोकसभेत ते बोललेही. मला मात्र त्यांच्या नावावर पडलेली एक चूक दुरुस्त करायची आहे, कारण ती त्यांची नव्हतीच.

चौदा वर्षांपूर्वी पुण्याहून नोकरीसाठी सिंगापूरला आलो तो थेट काकांच्या सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये, भाड्याच्या खोलीत. काका मूळचे कुडाळचे. भातात रानडुकरं शिरू नयेत म्हणून त्यांच्या वडिलांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. ही बंदूक एका वेळी एकच गोळी सोडते. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग चिंधीत गुंडाळलेली गोळी, आणि लांब लाकडी गजाने ती तळापर्यंत ठासायची. गजावर एक खूण कोरलेली असते. भरणी बरोबर झाली की खूण नळीच्या तोंडाशी येऊन थांबते. दारूच घातली नसेल तर गज जास्त आत जातो आणि खूण दिसेनाशी होते. काकांनी हे लहानपणी शिकून घेतलं आणि पुढे जन्मभर सगळ्यांना छळलं. शिपयार्डात कुणी व्हॉल्व्ह बंद केला, काकूंनी गॅस बंद केला, मी पासपोर्ट बॅगेत टाकला, की यांचा प्रश्न ठरलेला, "खूण बघितलीस?" मी पहिल्या आठवड्यात विचारलं, "कसली खूण, काका?" त्यावर मला पाऊण तास बंदूक ऐकावी लागली. तेव्हा वैतागलो होतो. आता तो पाऊण तास कुठून आणू?

काका बोलायचेही ठासूनच. निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की दर हिवाळ्यात ते अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जाणार. सेम्बावांगलाच वाढलेली त्यांची मुलगी मुग्धा पेन्सिल्व्हेनियात असते. तिकडे नाताळानंतर जुन्या, चकमकीच्या ठासणीच्या बंदुकांसाठी वेगळा हंगाम असतो. काकांनी चौसष्टाव्या वर्षी तिथला सुरक्षेचा कोर्स केला, परवाना काढला, बंदूक घेतली आणि ती मुग्धाच्या घरी कुलपात ठेवली. सहा हंगामांत त्यांनी दोन हरणं मारली. दोन्ही वेळा काकूंच्या मालवणी मसाल्यात रस्सा झाला. "काका, आधुनिक बंदूक घ्या की," मी म्हणायचो. "मग मी कशाला जाऊ?" ते म्हणायचे. "ही भरायला मिनिट लागतं. तोवर हरीण काय थांबणार आहे? म्हणून आधी नीट बघायचं, मग घोडा ओढायचा." इकडे गणपतीत काका कुणाला तरी म्हणाले होते, "यंदा दारू अगदी कोरडी मिळाली." तेव्हापासून दोन-तीन घरांत काकूंबद्दल उगाचच सहानुभूती होती. काका यावर खूप हसायचे. मीही हसायचो... आणि तोच शब्द पुढे माझ्या अंगाशी आला.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कामासाठी न्यूयॉर्कला होतो. सुट्टीत मुग्धाकडे गेलो आणि काकांबरोबर रानात निघालो. त्या वर्षी त्यांचे हात थोडे थरथरत होते. खांद्याला लावली की बंदूक स्थिर राहायची, पण मापातून दारू ओतताना सांडायची. म्हणून ते म्हणाले, "भरणी तू कर. मी सांगतो तसं." घरी सरावाला दोनदा केली, बिनचूक. शिकारीनंतर गाडीशी परतून बंदूक पेटीत कुलूपबंद झाली की, दोन घोट ब्रँडी घ्यायची हा त्यांचा रिवाज होता, आणि ती बाटली पिशवीत टाकायचं काम पहाटे त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं.

उजाडलं तेव्हा आम्ही एका ओकच्या बुंध्याशी बर्फात बसलो होतो. काकांची नजर पायवाटेवर, बंदूक माझ्या गुडघ्यांत उभी. बोटं गारठली होती. वर न बघता ते पुटपुटले, "दारू घातलीस ना?" मला वाटलं, पिशवीत. "घातली, काका," मी म्हणालो. "मग ठास." हुकूम आला म्हणून मी लगेच चिंधीत गोळी धरून ठासली. "खूण?" त्यांनी विचारलं. मी न बघताच म्हणालो, "ठीक आहे." बंदूक हातात घेऊन त्यांनी बाहेरच्या छोट्या वाटीत रंजक, म्हणजे ठिणगी धरणारी बारीक दारू, कशीबशी स्वतः घातली.

दोन तासांनी हरीण आलं. तीस पावलांवर, आडवं, मान खाली घालून काहीतरी हुंगत. काकांनी बंदूक खांद्याला लावली आणि त्यांचे हात थांबले, अगदी थांबले. इतका स्थिर माणूस मी पुन्हा पाहिला नाही. घोडा पडला, वाटीतलं रंजक भुस्सकन पेटलं, थोडा धूर झाला. बस्स. हरणाने आमच्याकडे पाहिलं आणि ते निघून गेलं. काकांनी नळी तशीच समोर धरून ठेवली. बार कधी उशिरा उडतो म्हणून. मग गज आत सोडला. खूण आत गेली. "दारूच नाही," ते म्हणाले. मी पिशवीकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या बर्फात हा माणूस डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

घरी मुग्धाने विचारलं, "काय झालं?" मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "दारू घालायला विसरलो." नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बंदूक माझ्या खांद्याला होती. गज मी घालून बघायला हवा होता. तू गप्प बस." मी बसलो, कारण गप्प बसणं सोयीचं होतं. पुढच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर मुग्धा आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "बाबा, यू आर फर्गेटिंग थिंग्ज. बंदूक आणि विसराळूपणा एकत्र नको. इनफ लाह." मी शेजारीच बसलो होतो. काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं." दारू विसरलेल्या त्या हंगामातून परतताना ते गज बरोबर घेऊन आले होते, ते परत शिकारीला जाणार नाहीत हे तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तो गज फ्लॅटच्या दारामागे उभा असायचा. कपाटावरचे डबे ढकलायला काकू तो वापरायच्या. दहाव्याला मुग्धा तो हातात घेऊन बसली होती. म्हणाली, "समीरदादा, बाबांचं विसरणं त्या शिकारीपासून सुरू झालं ना?"

"नाही," मी म्हणालो. "काका काहीही विसरले नव्हते. भरणी मी केली होती. त्यांनी दारूचं विचारलं, मी ब्रँडीचं उत्तर दिलं. खूण विचारली, तर मी न बघता हो म्हणालो." काकू आतून दारात येऊन उभ्या राहिल्या. मुग्धाने त्या कोरलेल्या खुणेवरून अंगठा फिरवला.

"मी त्यांचं जाणं बंद केलं," ती म्हणाली. "आणि ते बरं म्हणाले... तुम्ही तिथे होतात."

"होतो."

तिने गज माझ्या हातात दिला. "तुमच्याकडे ठेवा," ती म्हणाली. "आणि बघत जा."

आता तो तोआ पायोहला माझ्या फ्लॅटच्या दारामागे असतो. रोज सकाळी बाहेर पडताना मी खूण बघतो.