माशांची थाळी आणि चिंचेची चटणी

ती थाळी मीच रंगवली आणि मीच घरी आणली, तेव्हा दोष द्यायला दुसरं कुणी नाही. मी शोधून बघितलंय.

कानडी मुलखातल्या पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत, एका लहानशा कारखान्यात मी मातीच्या भांड्यांवर चित्रं काढते. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. एका हॉटेलवाल्याला भिंतीवर लावायला जुन्या ग्रीक थाळ्यांच्या नकला हव्या होत्या. काळ्या जमिनीवर तांबूस मासे, शिंपले, अष्टपाद, आणि मधोमध वाटीएवढा खळगा. त्यात ग्रीक लोक माशासोबतचं तोंडीलावणं ठेवत असावेत, असं अण्णांच्या चित्रांच्या पुस्तकात होतं. अशा थाळ्या पुष्कळदा थडग्यांत सापडतात, हेही त्यातच होतं. "मेलेल्यांचं ताट गं बाई!" असं म्हणून मी हसत हसत ब्रश उचलला. माझ्या जिभेला काही हाड नाही.

खऱ्या ग्रीक थाळीची काळी चमक निव्वळ मातीची आणि भट्टीच्या धुराची. ती काही आम्हाला साधेना. मग अण्णांनी सोपी वाट काढली, शेंदूर घातलेली झिलई. शेंदूर म्हणजे शिसं, हे मला माहीत होतं. पण जी वस्तू लहानपणापासून मारुतीच्या अंगावर बघितली, तिची भीती कशी वाटणार? अण्णा मात्र प्रत्येक थाळीच्या बुडाला 'फक्त शोभेसाठी' असा शिक्का मारल्याशिवाय ती बाहेर जाऊ देत नसत. एका थाळीवर मी अष्टपादाला सातच पाय काढले. भट्टीतून निघाल्यावर लक्षात आलं. अण्णांनी ती बाद केली, आणि बाद मालाला शिक्का कोण मारतंय? पिशवीत घातली आणि घरी आणली.

लेक पाचव्या महिन्यातच माहेरी आली होती. आमच्या घरात माशाचं नाव निघत नाही, त्यामुळे थाळी बघून ती पोट धरून हसली. "आई, सोवळ्यात मासे पोहायला लागले की गं!" डोहाळे आंबटाचे. खळगा बघून म्हणाली, "चटणीला अगदी बेताचा आहे."

"अगं, शोभेची आहे ती."

"तुझ्या हातची आहे ना? मग मी त्यातच खाणार."

झालं! पाघळले मी. रोज चिंचेची चटणी त्या खळग्यात. उरली की तिथेच झाकून ठेवायची, दुसऱ्या दिवशी बोटानं चाटूनपुसून साफ.

महिन्याभरात तिचं पोट दुखायला लागलं. चेहरा पांढराफटक. तोंडात खिळा ठेवल्यासारखी चव येते म्हणायची. शेजारच्या कानडी आजी म्हणाल्या, "पहिलटकरीण आहे, स्वल्प त्रास व्हायचाच." 'सरी', बरं तर, असं मीही त्यांच्याच भाषेत म्हटलं. पण थाळी घासताना मला दिसत होतं, कडेचे मासे चकचकीत आणि खळगा पार निस्तेज. वाटलं, आपलीच भाजणी कच्ची राहिली. काय म्हणावं मला! पोर पिवळी पडतेय आणि मला काळजी झिलईची.

तीच काळजी घेऊन अण्णांकडे गेले. "घरी नेलेल्या थाळीची मधली चमक का गेली असेल हो?"

ते शिक्के मारत होते. हात थांबला. "त्यात काय ठेवत होता?"

"चिंचेची चटणी."

"कोण खातं, अक्का?"

चिंचेच्या आंबटानं झिलईतला शेंदूर चटणीत उतरत होता. लहानपणी मोठी माणसं सांगायची, गवयाचा गळा घालवायचा तर विड्यातून शेंदूर चारायचा. म्हणजे सगळं ठाऊक होतं मला. ठाऊक असून माझ्या पोरीला, दोन जिवांच्या पोरीला, मी तो रोज लाडानं चारत होते.

घरी पोचले तेव्हा ती बाल्कनीत बसून खळग्यातून बोट फिरवत होती. मी थाळी हिसकावली. ती घाबरून रडायला लागली, मीही रडले, आणि रडत रडतच तिला बुडाच्या शिक्क्याचं सांगितलं. तपासणीत रक्तात शिसं निघालं, पुष्कळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पोटात जायचं थांबलं, आईचं हळूहळू उतरेल. मी विचारलं, "आणि बाळाचं?" त्या कागदावर लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, "जन्मल्यावर काही वर्षं बघत राहावं लागेल."

उरलेले तीन महिने मी देवाकडे एकच मागितलं. बाळ रडू दे. नात झाली आणि रडली, बारीक आवाजात, पण रडली. तो आवाज बारीक का, हे विचारायचं धैर्य मला अजून झालेलं नाही.

नातीच्या सहाव्या महिन्यात उष्टावण ठरलं. बाळाला मामा नाही, म्हणून पहिला घास मी भरवायचा, हे लेकीनंच फार पूर्वी, डोहाळजेवणाच्याही आधी ठरवलं होतं. मी माझ्या आईची चांदीची वाटी काढली. लेकीचं उष्टावणही त्याच वाटीतून झालेलं. खीर वाढायला मी वाटी पुढे केली, तर तिनं ती माझ्या हातातून घेतली, उलटी केली आणि तिचं बूड बघितलं. नीट, उजेडात धरून बघितलं.

मग ती आत गेली आणि स्टीलची वाटी घेऊन आली. "तू बस आई," म्हणाली. "मीच भरवते."