शिरीन मॅडम आणि एक चुकलेला शब्द

शिरीन मॅडम कुणाचाही लॅपटॉप हातात आला की आधी उलटा करून त्याचे स्क्रू बघायच्या. त्या आमच्या सोलापूरच्या शाळेत संगणक शिकवायला आल्या, त्या पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये माझ्या लॅपटॉपचं झाकण उघडून बसल्या होत्या. मी मराठीचा शिक्षक, घाबरलोच. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, आपली वस्तू आपल्याला उघडता आली पाहिजे की."

त्यांची मतं ठाम असायची. चकचकीत पातळ लॅपटॉप म्हणजे बिघडल्यावर फेकायचा डबा. संगणकाची प्रणाली अशी हवी, की तिची आतली रचना सगळ्यांना बघता यावी आणि सुधारता यावी. म्हणून त्या लिनक्सच्या भक्त. शाळा सुटल्यावर त्या मुलींना फुटबॉल शिकवायच्या. तिथं गोल मारणारीपेक्षा पास देणारीचं कौतुक जास्त. मधल्या सुट्टीत मोबाइलवर सामना लागला, की त्यांच्या घरच्या दखनी बोलीतून रेफ्रीचा उद्धार व्हायचा.

एका वर्षी शाळेतले जुने अकरा लॅपटॉप भंगारात निघाले. मॅडमनी मुख्याध्यापकांकडून शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली. नाहीतर मुलींचं प्रात्यक्षिक नुसतं फळ्यावरच झालं असतं. नववीच्या मुलींना घेऊन त्यांनी धूळ काढली, एकाचे भाग दुसऱ्याला लावले, सगळ्यांवर लिनक्स चढवलं. शनिवारी दहा लॅपटॉप सुरू झाले, तेही मराठीतून. मुलींनी वर्ग डोक्यावर घेतला.

मुख्याध्यापकांनी एकावर चार ओळी लिहिल्या आणि बंद करायला गेले. पडद्यावर प्रश्न आला, 'फाईल वाचवायची का?' त्यांनी विचारलं, "का, बुडतेय की काय?" सगळे हसले, मीही. लॅपटॉप मात्र राहिले.

मुली गेल्यावर मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुमी मराठीचे ना? मग नुसतं हसून कसं चालंल, सर? दुरुस्ती पाठवा."

लिनक्सचं मराठी करणाऱ्यांना अशी दुरुस्ती कुणीही पाठवू शकतं, हेच मला माहीत नव्हतं. त्यांनी शेजारी बसून दाखवलं. 'वाचवा'च्या जागी मी 'जतन करा' सुचवलं. काही आठवड्यांनी सूचना स्वीकारल्याचा निरोप आला, तेव्हा मी खडू हातात घेऊनच मैदानाकडे पळालो. मॅडमनी सराव थांबवला आणि सगळ्या मुलींना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. पन्नाशीला आलेला मी, कानापर्यंत लाल झालो.

उन्हाळ्यात त्यांच्या यजमानांची हुबळीला बदली झाली आणि मॅडम गेल्या. जूनमध्ये लिनक्सची नवी आवृत्ती आली. मी मुद्दाम संगणकाच्या तासाला मागं जाऊन उभा राहिलो. पडद्यावर माझा शब्द होता. मी लगेच मॅडमना फोन लावला.

"मुली काय म्हणाल्या?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. वाचलं आणि बटण दाबलं."

पलीकडून त्यांचं खळखळून हसणं ऐकू आलं. "मग लई झकास जमलंय, सर."

त्या संध्याकाळी मी आणखी चार शब्द पाठवले.