अमावस्येचा खाडा

२०२२ सालच्या पौष अमावस्येला आमच्या हळदीच्या रानात अकरा बायका कामाला आल्या नाहीत. सांगलीतल्या ज्या वर्तमानपत्रात मी काम करतो, तिथे माझी साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असते. अमावस्या मंगळवारीच आली होती, म्हणून मी गावी होतो.

गाव कडेगाव तालुक्यात आहे. शेती धाकटा भाऊ बघतो. त्या आठवड्यात हळद खणून झाली होती. गड्डे फोडून हळकुंडे वेगळी करायची होती आणि बुधवारी शिजवायला बॉयलर येणार होता. बॉयलर एक, गिऱ्हाईक तालुकाभर. पाळी चुकली की वाट बघायची, आणि खणलेली हळद तोवर सुकत जाते. त्यामुळे फोडायचे काम मंगळवारी संपवणे भावाला भाग होते.

बायका येणार नाहीत हे त्यांनी आठ दिवस आधी सांगितले होते. तेव्हाही मी बांधावर होतो. टोळीच्या मुकादम बाईने भाकरी सोडता सोडता विषय काढला. ती पंचावन्नच्या पुढची. तिचे वडील अठरा वर्षे आमच्याकडे औतावर होते.

"पुढल्या मंगळवारी आमी न्हाई, दादा. अवस हाय."

भावाने विचारले, कुणाचे लग्न आहे का, जत्रा आहे का, कोण आजारी आहे का. तसले काही नव्हते. मग दिवसभर करणार काय, असे त्याने विचारले.

"काय न्हाई. बसणार."

टोळीतली एक तरणी सून म्हणाली की ती तर झोपणार आहे, आणि सासूला आत्तापासूनच सांगून ठेवले आहे. बायका हसल्या.

आमच्याकडे पूर्वी अमावस्येला औत धरत नसत. बैलांना धुऊन दावणीला बांधायचे आणि औतकरी मारुतीच्या पारावर जाऊन बसायचे. मी कॉलेजात असताना बैल विकले, ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर अमावस्येलाही चालू राहिला. तसे कोणी ठरवले होते असे मला आठवत नाही.

भावाने तेच सांगितले. अवस बैलांची असायची, आता बैल कुठे आहेत?

"माझा बा काय बैल न्हवता, दादा. पण त्यो बसायचा," ती म्हणाली.

त्या दिवसाचा रोज नको आणि यापुढे प्रत्येक अवसेला टोळी बसणार, हेही तिने सांगितले. मग भाकरीचे फडके झटकून उठली. घरी येताना भाऊ मला म्हणाला की हल्ली कुणाला कामच नको आहे. हेच वाक्य मी महिन्यापूर्वी आमच्या संपादकांकडून ऐकले होते. डेस्कवरच्या एका मुलीने दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा दिला होता आणि कारणाच्या जागी 'विश्रांती' एवढेच लिहिले होते. मी हे भावाला सांगितले. तिचे लग्न झाले आहे का, असे त्याने विचारले.

बायका नुसत्या बोलतात, त्या दिवशी येतीलच, असे धरून त्याने बॉयलर बुधवारचाच ठेवला.

मंगळवारी सकाळी आठपर्यंत रानात कोणी आले नाही. भावाने शेजारच्या गावची टोळी आणायला पिकअप पाठवली. नऊला ती रिकामी परत आली. तिथल्या मुकादम बाईने ड्रायव्हरकडे निरोप दिला होता की तुमच्या गावच्या बायका बसल्यात, मग आमी उठून कसं यायचं.

भाऊ, भावजय आणि मी फोडायला बसलो. दहाच्या सुमाराला गोणपाट आणायला मी गावात गेलो. मारुतीच्या पारावर, जिथे एरवी पुरुष बसतात, तिथे त्या अकरा जणी बसल्या होत्या. दोघी एकमेकींचे केस विंचरत होत्या. हातात निवडणे, टिपणे काही नव्हते. मुकादम बाई पाय लांब करून देवळाच्या खांबाला टेकली होती.

"दादा फोडत्यात का?" तिने विचारले. मी हो म्हणालो.

"ढीग उघडा ठिवू नगा म्हणावं. हळदीचाच पाला जाड घाला वर, न्हाईतर सुकतीया."

ती उठली नाही. मी निरोप भावाला दिला. त्याने पाला घातला.

बाराला जेवणे झाली. भावजयीने हात धुतले आणि पारावर जाते म्हणाली. मग फोडणार कोण, असे भावाने विचारले.

"तुमी दोघं हाय की," ती म्हणाली आणि गेली. दिवेलागणीला परत आली.

तोवर आमचा ढिगाचा चौथा हिस्साही झाला नव्हता. भावाने बॉयलरवाल्याला फोन करून पाळी सोडली. पुढची पाळी नऊ दिवसांनी मिळाली.

बुधवारी आठला अकरा जणी आल्या. आल्या तशा फोडायला बसल्या. दोन दिवस भाऊ कामापुरतेच बोलत होता, असे भावजयीने सांगितले. पुढच्या वर्षी दुसरी टोळी बघतो, असे त्याने मला फोनवर सांगितले. पाल्याखालची हळद टिकली. कडेची थोडी सुरकुतली.

विहिरीकडच्या तुकड्याची खणणी त्यानंतर होती. त्यासाठी भावाने बॉयलरवाल्याला फोन केला तेव्हा मी घरी होतो. पलीकडून एक दिवस सांगितला गेला. भावाने भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान उलटले.

"आदल्या दिवशी दे रं. त्या दिवशी रानात कोण नसतंय," तो म्हणाला.

माघ अमावस्या बुधवारी होती. मी सांगलीत कामावर होतो. दुपारी दोनला भावाला फोन केला, त्याने उचलला नाही. मग भावजयीला केला. तिच्या मागे बायकांचे बोलणे ऐकू येत होते. भाऊ घरी झोपला आहे, असे तिने सांगितले.