काडतुसं सासऱ्यांच्या उशाशी

दुष्काळात आमच्या विहिरीला पाणी राहिलं, हाच आमचा गुन्हा. लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. आमचं शेत नांदेडच्या रस्त्याला, गावापासून लांब. नवरा पलटणीत, सीमेवर. घरात मी, लहान लेक आणि फौजेतून निवृत्त झालेले सासरे. शेजारच्या बड्या शेतकऱ्याला आमची विहीर हवी होती. त्याच्या उसाला आमचं पाणी चालणार होतं, पिण्याला नाही, कारण आम्ही बौद्ध. आधी त्यानं विहीर विकत मागितली. मग आमची मोटर कुणीतरी विहिरीत ढकलली. आणि एका दुपारी त्याची माणसं काठ्या घेऊन अंगणात येऊन उभी राहिली. मी विळा घेऊन धावले. सासऱ्यांनी मागून धरलं नसतं तर त्या दिवशी मी तुरुंगातच गेले असते.

सासऱ्यांकडे परवान्याची दुनळी बंदूक होती, पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी म्हटलं, परवाना माझ्या नावावर करून घेऊ. नव्या जिल्ह्याची कचेरी भाड्याच्या इमारतीत, निम्मे कागद अजून जुन्या जिल्ह्याला, उस्मानाबादेत. तिथला कारकून हसला. "बाईमाणसाला बंदूक कशाला लागती?"

"माणसं काठ्या घेऊन येतात म्हणून," मी म्हटलं. दर बाजाराला मी त्याच्या टेबलापुढं जाऊन उभी राहायची. शेवटी मी नाही, तोच कंटाळला.

परवाना हाती येईपर्यंत सासऱ्यांनी मला काडतूस दाखवलंसुद्धा नाही. रिकामी बंदूक, तीही आधी उघडून दोन्ही नळ्यांतून उजेड बघायचा. नळीचं तोंड जमिनीकडे, बोट चापाच्या बाहेर. कुत्र्यावरसुद्धा रोखायची नाही. परवाना आल्यावर त्यांनी मला कोरड्या तळ्यात नेलं आणि बांधाला टेकवलेल्या मातीच्या पोत्यावर बार काढायला लावले. पहिल्याच बाराला खांदा काळानिळा झाला. तरी मला तो बार आवडला, खोटं कशाला बोलू.

पण खरी शिकवणी वेगळीच होती. मी बंदूक धरून उभी राहिले की ते माझ्या माहेराचा उद्धार करायचे. माझ्या बापालाही सोडायचे नाहीत. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही.

"राग आला?"

"आला."

"मग ठिव खाली. राग हाय तवर तिला हात लावायचा न्हाई."

मी ठेवायला उशीर केला की दुसऱ्या दिवशी शिकवणी बंद. काडतुसांची पेटी त्यांच्या उशाशी असायची. परवाना माझा आणि काडतुसं त्यांच्याकडे, याचा मला भारी संताप यायचा.

उन्हाळ्यात तोच शेतकरी अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. मी बाजेवर बसून दुनळी पुसत होते. आमच्याकडे वरातीत बंदुकीचे बार निघाले नाहीत तर लग्नाला रंग येत नाही.

"फौजी, पोराची वरात हाय," तो सासऱ्यांना म्हणाला. "एक दिवस बंदूक द्या. दोन-चार बार काढून आणून देतो."

"परवाना तिच्या नावावर हाय. तिला इचारा."

माझं रक्त उसळलं. मी बंदूक उघडली, रिकामी असल्याचं बघितलं आणि बाजेवर ठेवली. मग आत जाऊन तांब्याभर पाणी आणून त्याच्यापुढं धरलं. "आधी पाणी घ्या."

उन्हातून आलेला, घामानं भिजलेला माणूस. म्हणाला, "तहान न्हाई."

"आमची इहीर चालती, आमची बंदूक चालती. तांब्यातलं पाणी तेवढं चालत न्हाई?" मी म्हटलं. "बंदूक मिळायची न्हाई. ती वरातीसाठी घेतली न्हाई. ती तुमच्यामुळं घेतली."

तो पाठ फिरवून निघून गेला. माझा राग अजून उतरला नव्हता आणि बंदूक बाजेवरच होती. सासऱ्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला, तिथंच उभ्यानं रिकामा केला. मग चाचपडत आत गेले, उशाची पेटी आणली आणि माझ्या ओटीत टाकली.

"घे," म्हणाले. "आता तुझ्याजवळच ठिव."